लॅपटॉपखालचा लाल दाणा

रविवार, दसऱ्याचा दुसरा दिवस, १९९७
बसवनगुडी



ऑफिसचा नवा कोरा लॅपटॉप. उद्या गिऱ्हाइकांसमोर माझा प्रोग्राम दाखवायचाय, आणि हा सकाळपासून सुरू होतानाच अडकत होता. काळ्या पडद्यावर दोन ओळी, मग नुसतं पीं पीं. दहादा बंद केला, दहादा लावला. तेच.

संशय आईवर. परवा आयुधपूजेला तिने स्कूटर, मिक्सर, शिलाईमशीन, कशालाच हळदकुंकवाशिवाय सोडलं नाही. म्हणून तर लॅपटॉप मी कपाटात ठेवला होता. तरी तिच्यावरच ओरडले. "मी नाही गं," म्हणाली. डोळे भरले तिचे. अण्णा पेपरात तोंड खुपसून बसलेले. माझे वडील, जन्मात कुठल्या देवाला हात न जोडलेले.

शेवटी लॅपटॉप उलटा धरून हलवला. एक बटण दाबलेलंच राहत होतं, त्याच्याखालून दाणा पडला. तांदळाचा, कुंकवाने लाल. अक्षता!

मी आईकडे वळले, तोवर अण्णाच वाकून तो दाणा उचलत होते.

"स्वल्पच टाकल्या होत्या," म्हणाले. "उद्या एवढ्या लोकांपुढे उभी राहणार तू."

अण्णा? आमचे अण्णा?

लॅपटॉप लगेच सुरू झाला. पण तो लाल दाणा डोळ्यांपुढून हलत नाही. शाळेत दर परीक्षेला माझ्या कंपासपेटीत तसेच दाणे सापडायचे. मी घरी येऊन आईवर चिडायचे. आणि ती दरवेळी म्हणायची, मी नाही गं.