तुम्ही तयार केलेली पहिलटकरीण

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्यावर अजून रागावलेलं माणूस बहुधा मी एकटीच उरले असेन. बाकी सगळे तुमचं चांगलंच बोलतात. परवा कळमेश्वरला एका लग्नात पंगतीला माझ्या शेजारी एक रिटायर झालेली नर्स बसली होती. बोलता बोलता तुमचा विषय निघाला, तसा तिने कानाच्या पाळीला हात लावला आणि म्हणाली, मला सगळं त्यांनीच शिकवलं. मग तिने मला एका बाळंतपणाची गोष्ट सांगितली. पहिलटकरीण होती, वस्तीतलीच कोणी, एक टाका पडला नाही, किंचाळली नाही, आम्ही सातजणी बघत होतो. मी हातातला घास ताटात ठेवला. ती पहिलटकरीण मी होते. तिला माझा चेहरा आठवत नव्हता, आणि मीही सांगितलं नाही. घरी आले आणि तुम्हाला लिहायला बसले.

तुमच्याकडे मी कशी आले ते तुम्हाला आठवत असेल. लग्न होऊन नागपूरला आले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. नवरा गिरणीत. माझी आई मी लहान असतानाच गेलेली, त्यामुळे पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायचं तर तिथे करणारं कोणी नव्हतं. चौथ्या महिन्यात सासू मला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथे एका पडद्याआड मला झोपवलं आणि शिकणारी डॉक्टर पोरं एकामागून एक आली. प्रत्येकाने हात लावून, आत हात घालून पाहिलं. ते एकमेकांशी बोलत होते, माझ्याशी कोणी एक शब्द बोललं नाही. मी छताकडे बघत आठपर्यंत मोजलं आणि मग तशीच उठून अनवाणी बाहेर आले. दुसऱ्या दिवशी सासूने मला वस्तीच्या टोकाच्या त्या लहानशा प्रसूतिगृहात, तिथल्या सिस्टर म्हणून तुमच्यासमोर उभं केलं. "पोरगी भेली आहे," ती म्हणाली. तुम्ही मला टेबलावर झोपायला सांगितलंच नाही. स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "काहून वं, काय झालं तिथं?" मी रडत रडत सगळं सांगितलं. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं ते तुम्हाला सांगितलं, बाई.

मंगळवारी दुपारी तुमच्या व्हरांड्यात आम्ही दहा-बारा पोटुशा बायका गोळा व्हायचो. वस्तीतल्या आम्ही, आणि दोघी-तिघी प्रताप नगरच्या, कोणी क्लार्कची बायको, कोणी ओव्हरसियरची. तुम्ही पदर खोचून आमच्यासमोर उकिडवं बसून दाखवायच्या, टाचा जमिनीला टेकलेल्या, आणि म्हणायच्या की घरी झाडताना, भाजी निवडताना असंच बसा, खाटेवर लोळत राहू नका. तळवे जुळवून गुडघे खालीवर करायला लावायच्या. हातापायांवर ओणवं होऊन पाठ फुगवायची आणि सोडायची, तेव्हा आम्ही सगळ्या हसायचो. तुमच्याकडे लाकडाचा एक कंबरेचा सांगाडा होता आणि चिंध्यांची बाहुली. बाहुलीचं डोकं कसं वळतं, हनुवटी छातीला लावून ते कसं खाली येतं, हे तुम्ही इतकं सावकाश दाखवायच्या, की माझ्या आत काय होणार आहे ते मला एकोणिसाव्या वर्षी पहिल्यांदा कळलं. तोवर पोट म्हणजे मला नुसती भीती होती.

आणि रविवार. रविवारी तुम्ही मला एकटीला क्वार्टरवर बोलवायच्या. तुमची ती स्वयंपाकखोली मला अजून दिसते. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली तुमचा नर्सिंगचा दाखला, चुलीजवळ ज्वारीच्या भाकरींची चवड. तुम्ही आपल्यातल्या, म्हणून मला तिथे अंग चोरून बसावं लागत नसे. तुम्ही ताटात अंबाडीची भाजी वाढता, शेंगदाणे आणि गूळ समोर ठेवता, आणि मी अर्धी भाकर झाल्यावर हात आवरते. "पोट भरलं?" तुम्ही विचारता. मी सांगते की सासू म्हणते, कमी खाल्लं की पोर लहान राहतं आणि लवकर सुटते बाई. तुम्ही उलथनं खाली आपटता. "पोर लहान राहीन अन् तुह्या अंगात जोर नाई राहीन! मंग कळा कोन देईन, तुही सासू? खा मुकाट्यानं." त्यानंतर माझ्या सासूलाच बोलावून तुम्ही तिची जी हजेरी घेतली, ती सासू मरेपर्यंत विसरली नाही. पण तुम्ही दिलेल्या रक्तवाढीच्या लाल गोळ्या रोज ती स्वतः माझ्या हातावर ठेवू लागली.

जेवण झाल्यावर तुम्ही मला खाली सतरंजीवर डाव्या कुशीवर झोपवून श्वास शिकवायच्या. कळ आली की अंग आवळायचं नाही, गरम दुधावर फुंकर घालतात तसा हळू श्वास सोडायचा. शेवटच्या महिन्यात तिळाचं तेल कुठे आणि कसं लावायचं तेही तुम्ही सांगितलं, कातडं मऊ पडावं, ताणावं, फाटू नये म्हणून. मी लाजले तर म्हणालात, "आपल्याच अंगाची लाज काहून?" तेव्हा पहिलटकरीण म्हटली की कापून टाके घालायचे, असाच रिवाज होता. तुम्हाला तो मान्य नव्हता. तुम्ही मला म्हणालात, "तुले कापायची गरज नाई पडनार. तू पाहाय."

त्याच सतरंजीवर एका रविवारी मी तुम्हाला विचारलं होतं, की त्या वेळी खोलीत कोण कोण असेल. तुम्ही माझे केस मागे सारलेत आणि म्हणालात, "तू अन् मी. तिसरं कोनी नाई. दार लावून घेईन मी." हे तुम्ही म्हणालात, बाई. मी मागून घेतलं नव्हतं, तुम्ही आपणहून दिलंत.

कळा सकाळी सुरू झाल्या. मी कणीक मळत होते. घाबरले नाही, दोन पोळ्या लाटून नवऱ्याचा डबा भरला, मग सासूला सांगितलं आणि आम्ही चालत तुमच्याकडे आलो, वाटेत कळ आली की भिंतीला हात टेकून फुंकर घालत. तुम्ही मला बघून हसलात. दुपारपर्यंत खोलीत खरंच तुम्ही आणि मी होतो. तुम्ही माझ्या कंबरेला तुमच्या तळहाताने दाब देत होतात, मला चालवत होतात, उकिडवं बसवत होतात. कळा जोरात आल्या तेव्हा मला वाटलं की आई असती तर तिनेही असंच धरलं असतं. मग तुम्ही म्हणालात, "आलोच मी," आणि बाहेर गेलात.

परत आलात तेव्हा तुमच्यामागून त्या आत आल्या. हिरव्या काठाच्या पांढऱ्या साड्यांतल्या, नर्सिंग शिकणाऱ्या सात पोरी, आणि चष्मा लावलेली एक मोठी बाई, जिला तुम्ही मॅडम म्हणत होतात. पोरी माझ्या पायांकडे ओळीने उभ्या राहिल्या. तुमची भाषाच बदलली. "ही आमची प्रायमी आहे," तुम्ही म्हणालात, "पाच महिन्यांपासून तयार केलेली. एपिसिओटॉमी न करता कशी डिलिव्हरी होते ते बघा." प्रायमी म्हणजे पहिलटकरीण आणि तो दुसरा शब्द म्हणजे कापणं, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की माझं नाव गेलं. मी म्हटलं, "बाई, तुमी म्हनलं होतं ना, कोनी नाई राहीन." तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "आता बोलू नको. श्वासाकडे ध्यान दे."

आणि मी दिलं. हेच मला सगळ्यात जास्त लागतं, बाई. मी ओरडायला हवं होतं, गुडघे मिटायला हवे होते, उठून जायला हवं होतं, जशी त्या मोठ्या दवाखान्यातून गेले होते. पण माझं अंग तुमचं ऐकत होतं. तुम्ही थांब म्हटलं की थांबत होतं, सोड म्हटलं की सोडत होतं. मध्येच तुम्ही एका पोरीचा हात धरून तो बाळाच्या डोक्याला लावलात, "बघ, किती सावकाश येतंय." मी छताकडे बघितलं आणि मोजू लागले. मुलगी झाली. कुठे फाटलं नाही, कुठे टाका लागला नाही. खोलीत टाळ्या वाजल्या. तुम्ही पोर माझ्या छातीवर ठेवलंत, तुमच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मी भिंतीकडे तोंड केलं. सासूला वाटलं, मुलगी झाली म्हणून.

बाराव्या दिवशी तुम्ही अळिवाचे लाडू घेऊन घरी आलात. मी झोपेचं सोंग घेतलं. लाडू सासूने आणि शेजारणींनी खाल्ले. पुढे लस टोचायच्या दिवशी तुमच्या व्हरांड्यात ती ओव्हरसियरची बायको भेटली. तिचं बाळंतपण माझ्या महिनाभर आधी झालं होतं, तेही पहिलंच. तिने कौतुकाने सांगितलं, "सिस्टरने दार आतून लावून घेतलं होतं हो, अगदी आईसारखं केलं माझं." मी पोरीला खांद्यावर घेतलं आणि लस न टोचताच घरी आले. म्हणजे दार लागत होतं. माझ्यासाठीच ते उघडं राहिलं. दुसऱ्या कोणी केलं असतं तर मला नवल वाटलं नसतं, पण तुम्ही तर आपल्यातल्या.

मुलगी चालायला लागली होती तेव्हा आपण सीताबर्डीत समोरासमोर आलो. तुमच्या हातात भाजीची पिशवी होती. मी वळले तर तुम्ही माझा दंड धरलात. "काहून वं, एवढा राग? काय केलं मी तुह्यं?"

मी म्हटलं, "मले विचारलं नाई तुमी."

तुम्ही पिशवी खाली ठेवलीत. मग म्हणालात, "विचारलं असतं तर तू नाई म्हनली असती. म्हनून नाई विचारलं." आणि हळू आवाजात, "तू इतकी चांगली करून राहिली होती. मले वाटलं, सगळ्यांनी पाहावं, आपल्या वस्तीतली पोरगी काय करू शकते."

"अन् ओव्हरसियरच्या बायकोले?"

तुम्ही दंड सोडलात. त्यानंतर मी तुमच्याशी कधी बोलले नाही. दुसऱ्या वेळी तुमच्याकडे आलेही नाही. घरी, म्हाताऱ्या सुईणीच्या हाताने मोकळी झाले. दार मी स्वतः लावायला लावलं. तुम्ही आजारी आहात हे कानावर आलं होतं, तेव्हाही आले नाही. गेलात ते पंधरा दिवसांनी कळलं.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी मी टाकलं असतं असं वाटत नाही. राग अजून आहे, आणि तो खोटा नाही. पण पंगतीत ती नर्स सांगत होती, की त्या दिवशी पाहिलं म्हणून तिने पुढे कितीतरी पोरींना कापू दिलं नाही, आणि ते ऐकताना मला बरं वाटलं, हेही खरं. आणि एक राहिलं. सीताबर्डीत तुम्ही माझ्याबद्दल जे म्हणालात ते चूक होतं, बाई. त्या सतरंजीवर तुम्ही मला विचारलं असतं, तर मी रडले असते, दोन दिवस तुमच्याकडे आले नसते, आणि तिसऱ्या दिवशी येऊन हो म्हटलं असतं.