दारावरच्या माळेबद्दल

तीर्थरूप मोठ्या काकांना साष्टांग नमस्कार. (मनातूनच. खुर्चीशेजारी पाण्याची बादली असल्यामुळे वाकायला जागा नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? काकू तुम्हाला शिडीवर चढू देत नाहीत हे ऐकून आम्हाला बरं वाटलं, तुम्हाला वाटलं नसेल.

इकडे सगळे खुशाल आहेत, फक्त माझ्याशी कुणी धड बोलत नाही. कारण तुमची दारावरची दिव्यांची माळ यंदा मी लावू दिली नाही. हे तुम्हाला कसं सांगावं, म्हणून आधीची तीन पत्रं फाडली.

वर्षअखेरीच्या सुट्टीसाठी घर सजवायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा तुम्ही करायचात तसंच करायचं ठरवलं. मी शाळेतही जात नव्हते तेव्हा तुम्ही नाट्यगृहातलं दिव्यांचं काम आटोपून यायचात, सगळ्या माळा उघड्या फरशीवर तासभर पेटत ठेवायचात, मग एकेकीची पिन भिंतीतल्या बोर्डातून काढून माझ्या गालाला लावायचात. कोमट असली तर पास, चटका बसला तर नापास. (शाळेत पहिली परीक्षा आली तेव्हा मी बाईंपुढे गाल केला होता.)

यंदा तासभर म्हणजे घड्याळ लावून तासभर. पडदा आणि मेणबत्ती यांमधलं अंतर फूटपट्टीने मोजलं, आईची कागदी फुलं दिव्यांवरून उतरवली, मेणबत्त्यांसाठी पाण्याची आणि वायरींसाठी वाळूची बादली ठेवली. वाळूचा शेजारच्या मांजरीने काय उपयोग केला ते वडीलधाऱ्यांना लिहिण्यासारखं नाही. पाण्यात बाबांचा पाय गेला, बुटासकट. ते एवढंच म्हणाले की जळायचं की बुडायचं हे घरच्यांना निवडता येत असेल तर आधी सांग.

अकरा माळांपैकी दहा पास झाल्या. तुमची मी तीनदा तपासली, काका. तिन्ही वेळा चटका बसला, आणि वायरीचं आवरण बिस्किटासारखं हातात आलं. नाटकातल्या उरलेल्या लाल कागदाचे तुकडे तुम्ही दिव्यांना गुंडाळले होते; दारात येणाऱ्या प्रत्येकाचं नाक लाल दिसायचं आणि आई आतून नाक बघूनच ओळखायची की पाहुणे दिव्याखाली उभे आहेत. हे सगळं मला आठवत होतं. तरी नापास.

बाबा म्हणाले, "दादाच्या हातची आहे ती. तिला काय होतंय?"

मी म्हटलं, "बाबा, काकांनीच काढली असती."

मग ते पायरीवर बसून बराच वेळ ती माळ मांडीवर फिरवत राहिले. शेवटी पक्कड माझ्याकडे देऊन म्हणाले, "पिन तूच काप. माझ्याच्याने होणार नाही." मी कापली. आता दहा माळा लागतात, आणि दार तेवढं काळोखात असतं. रागावू नका.

तुमची पुतणी

ता. क. मांजर बरी आहे.

ता. क. २. त्याच वायरीची दुसरी माळ तुमच्या खिडकीत रोज लागते, असं काकू बोलता बोलता म्हणाल्या. मी तुम्हाला फोन केला, पण तुम्ही "बोल गं" म्हणालात आणि मी गुडघ्याची चौकशी करून ठेवला. मग काकूंना सांगून कपाटामागच्या बोर्डातून तिची पिन काढून ठेवली. ती बिघडली असं समजून तुम्ही एव्हाना उघडून बसला असाल. बिघडलेली नाही, मी बंद केली आहे. काकूंना बोलू नका. आहे तशी पिशवीत घाला आणि सुट्टी संपायच्या आत इकडे या. नवी वायर मी आणून ठेवली आहे, पण मला जोड मारता येत नाही. तेवढं शिकवायचं राहिलं तुमचं.