खेळाडूला ठाऊक असण्याची गरज नाही

३ मार्च १९९८, रीनो
आजपासून मी स्टॅडलरसाहेबांच्या पेटंट वकिलीच्या कचेरीत. तिसरा मजला, खिडकीतून बर्फाचे डोंगर, आणि टेबल माझं एकटीचं! दुपारी साहेबांनीच बास्क खानावळीत जेवायला नेलं. माझं आडनाव इदिआर्त, म्हणजे मीही बास्कच, हे कळल्यावर मालकिणीने मेंढीचं कालवण आग्रहाने दुसऱ्यांदा वाढलं. घरी येऊन आईला फोनवर सगळं सांगितलं.

५ मार्च
पहिलं काम टटल नावाच्या संशोधकाचं. टेलिफोनच्या तारेला जोडायचं हातभर यंत्र. घरबसल्या टीव्हीवर सामना बघायचा आणि पुढचा चेंडू कसा पडेल यावर लगेच पैज लावायची. सरकारी पेटंट कार्यालयाने त्याचा अर्ज परत पाठवलाय : असं यंत्र आधीच कुणीतरी केलंय म्हणे. टटलच्या यंत्रात वेगळं काय, ते मी चाचणीच्या नोंदींतून शोधायचं. चाचणी बारा घरांत चालू आहे.

९ मार्च
सामने संपल्यावरही पैजा थांबत नाहीत. ३ मार्चची एक ओळ : 'ती दुसऱ्यांदा वाढून घेईल का?' नऊ घरं 'हो'. त्याखाली : 'आईला फोन करेल का?'
ओळ पुन्हा वाचली.

१० मार्च
साहेबांना जाब विचारला. ते शांतपणे म्हणाले की अर्जात एक कलम घालायचं राहिलंय, तेवढं मी सुवाच्य लिहून द्यावं. मग वाचून दाखवलं, "खेळाडूला आपण खेळतोय हे ठाऊक असण्याची गरज नाही." आणि वर, "हेच तर आपलं नवेपण, पोरी. आधीच्या कुणाला सुचलंच नाही."
राजीनामा टेबलावर ठेवला. सात घरं जिंकली, असं म्हणून ते हसले.

११ मार्च
आईकडे निघाले होते. बस चुकली. एका बाईने पत्ता विचारायला अडवलं ती दंड सोडेचना. तिच्या पिशवीत तेच यंत्र. हिसकावून पळाले.

१२ मार्च, सकाळ
रात्री मागून आणलेल्या गाडीच्या चारही चाकांत खिळे. समोरच्या म्हाताऱ्याने खिडकीतून हात हलवला, हातात यंत्र —
हे लोक नुसतं बघत नाहीत. जे लावलंय ते घडवून आणतात.

दुपार
फोनची तार त्या हिसकावलेल्या यंत्राला जोडली. 'ती गाव सोडेल का?' अकरा घरं 'नाही'. बारावं यंत्र माझ्या हातात. मी 'हो' दाबलं —

जिन्यावर माणसं. बरीच.

साहेबांचा आवाज. अगदी मायेने सांगताहेत की नवा प्रश्न आलाय, वाच. आलाय — 'ती दार आपणहून उघडेल, की