शेतघरातून दोन कागद

दि. ९ फेब्रुवारी, रविवार

प्रिय ताईस,

सप्रेम नमस्कार. आम्ही मजेत आहोत, तुम्ही सगळेही असाल. आज ह्यांनी मुद्दाम वेळ काढून मला शंभर वर्षांपूर्वीचं शेतघर दाखवायला आणलं. इथली माणसं जुन्या काळचे कपडे घालून तशीच राहतात, चूल पेटवतात, लोणी काढतात. आज त्यांचा वर्षाचा मेळा आहे. टपालघरात टाक-दौत घेऊन पत्रसुद्धा लिहिता येतं. "लिही की ताईला, गंमत," असं हेच म्हणाले. घर छान, हवा छान, मी छान. भावोजींना नमस्कार, पिल्लांना पापा.

तुझी,
छोटी


ताई,

वरचा कागद त्यानं वाचला, एक वेलांटी सुधारली आणि लोहाराचा भाता ओढायला गेला. लोकांनी वाहवा म्हणेपर्यंत सोडायचा नाही. तेवढाच वेळ आहे मला. आणि हो, 'हे' नाही, 'तो'च लिहिणार आता.

आधी माफी मागते. मागच्या महिन्यात तू फोनवर विचारलंस, "छोटे, बरी आहेस ना गं?" आणि मी खेकसले, माझ्या संसारात नाक खुपसू नकोस म्हणून. फोन स्पीकरवर होता गं. नेहमीच असतो. तू रडलीस ते त्यानंही ऐकलं. मग मला आइस्क्रीम आणून दिलं.

मारत नाही तो. म्हणून तर कुणाला सांगायची सोय नाही. 'दगदग नको' म्हणून माझी दवाखान्यातली नोकरी गेली, 'चांगल्या नाहीत' म्हणून मैत्रिणी गेल्या. सगळं माझ्या काळजीपोटी! वीट आलाय मला त्या काळजीचा.

आज इथल्या स्वयंपाकघरात घरधनीण झालेल्या बाईंनी मला सून म्हणून उभं केलं, हातात रवी दिली. बाई हसऱ्या, माझ्याच वयाच्या. मी धीर करून हळूच म्हटलं, "बाई, मला घरी परत जायचं नाहीये. खरंच मदत करा." पण इथला नियम असा, की अंगावर वेष आहे तोवर आजच्या जगातलं काही कळल्याचं दाखवायचंच नाही. त्यांना वाटलं, मी रंगात आलेय. मोठ्यांदा म्हणाल्या, "ऐकलंत का, सूनबाई पळून जाते म्हणतेय! मग लोणी कोण काढणार?"

खोलीभर हशा. टाळ्या. सगळ्यांत जोरात तोच हसला. मीही हसले, ताई. काय करणार होते? रवी घुसळत राहिले.

नंतर माझं कोपर धरून म्हणाला, "छान नाटक करतेस. घरी बोलू."

टपालमास्तरांना विचारलं, पत्र खरंच जातं ना? तर म्हणे, "घोडागाडी उद्या पहाटे सुटते, बाई." आता बोला! कपाळावर हात मारून घेतला. पण दुसरा इलाज नाही, टाकतेच.

बाहेर टाळ्या पडल्या. येईल आता तो. नीट वाच. गुरुवारपर्यंत हे तुला मिळायला हवं. तो साडेनऊला कामावर जातो, सहाशिवाय येत नाही. मधल्या वेळात ये, भावोजींना घेऊन ये. आधी फोन करू नकोस. बेल वाजवून उपयोग नाही, मला दार उघडता येणार नाही. येताना किल्लीवाल्याला आण.

आतून वाट बघणारी,
छोटी