मोटारपंप चोरीची तक्रार, शक्यतो आजच, परत मिळणेबाबत

प्रति,
मा. ठाणेदार साहेब,
पोलीस ठाणे, तालुका वरूड, जिल्हा अमरावती.

अर्जदार : खुशालराव बापूराव निंभोरकर, वय ६३, धंदा संत्रा बागायत, माजी अध्यक्ष, तंटामुक्ती समिती, मौजा टेंभुर्डी.

विषय : चोर सापडला असून तो सापडला नाही असे समजणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराची दि. १७ जानेवारी २०२५ ची तक्रार.
२) त्याच वेळी जमादार किसनराव यांनी तोंडी मागितलेले मोटारपंपाचे मूळ बिल, जे मागितले नसते तर बरे झाले असते.

महोदय,

१. अर्जदार हा गावातील मानाचा माणूस असून त्याने आजवर दुसऱ्यांचे सत्तावीस तंटे मिटवले आहेत. स्वतःचा तंटा मिटवण्याची वेळ पहिल्यांदाच आली आहे, सबब अर्जात काही मागेपुढे झाल्यास साहेबांनी सांभाळून घ्यावे.

२. साहेब बाहेरच्या जिल्ह्यातून बदलून आलेले असल्याने आधी एक खुलासा. आंबिया बहारासाठी आमच्याकडे डिसेंबरात संत्र्याचे पाणी तोडतात. यास ताण देणे म्हणतात. चाळीसेक दिवस झाड तहानेने कासावीस झाले, की मग पाणी दिल्यावर ते फुलावर येते. या काळात विहिरीवरच्या मोटारपंपाला काही काम नसते. म्हणून अर्जदाराने तो काढून गुरांच्या कोठ्यात आणून ठेवला व वरून पोते झाकले. पुढे रोज संध्याकाळी अर्जदार त्याच पोत्यावर बसून तंबाखू मळत असे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यास गावात चोऱ्या किती वाढल्या, आपापल्या वस्तू सांभाळा, असे बजावत असे. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी ताण तोडायचा म्हणून नारळ फोडला, पोते उचलले, तर खाली जुन्या कुलरची पालथी टाकी निघाली. चाळीस दिवस अर्जदार टाकीवर बसून होता. हे मूळ तक्रारीत लिहिलेले नाही, कारण त्या वेळी ते महत्त्वाचे वाटले नाही.

३. त्याच तक्रारीत अर्जदाराने शेजारचे बागायतदार श्याम यांचे नाव संशयित म्हणून दिले होते. पुरावा असा की ते दोन वर्षांपासून अर्जदारास रामराम करीत नाहीत. आपण त्यांना ठाण्यात बोलावून दोन तास बसवून ठेवले. ते सुटून आले ते सरळ घरी गेले, स्वतःचा मोटारपंप बैलगाडीत घातला आणि अर्जदाराच्या विहिरीवर आणून बसवून दिला, कारण पाणी आणखी लांबले असते तर झाडे वाळली असती. बटन दाबून ते निघून गेले. चार शिव्या दिल्या असत्या तर अर्जदारास त्या रात्री झोप तरी लागली असती.

४. दि. २१ जानेवारी रोजी अर्जदार मुलगी आचल हिच्या सोयरिकीचे बोलणे करण्यासाठी चांदूर रेल्वे येथे साळे श्री. कुंदन यांच्याकडे गेला होता. तेथे हरभऱ्याला पाणी सुरू होते. नाल्यावर निळ्या रंगाचा मोटारपंप धडधडत होता व त्यावर ऑइलपेंटने 'खुशाल' असे लिहिलेले होते. ते अक्षर अर्जदाराचेच आहे. कुंदनने भाऊजी आले म्हणून पोहे केले, दोनदा चहा पाजला, आणि मोटर एक नंबर आहे असे तोंडावर सांगितले. चोरी ती चोरी, वर शिरजोरी. परंतु ज्याच्या घरचे पोहे खाल्ले त्याच्या गळ्याला हात घालणे अर्जदारास जमले नाही. शिवाय पोहे चांगले झाले होते.

५. पुढचे पाच दिवस अर्जदार गुन्हा नोंदवावा की नोंदवू नये या विवंचनेत होता. नोंदवावा, तर उन्हाळ्यात आचलचे लग्न, आणि नवरीला बोहल्यावर मामा आणतो. मामाच आत असला तर मुलीला कोणी आणावे? लग्नापुरते मामास ठाण्यातून सोडता येईल काय, सोबत एखादा शिपाई आल्यास त्याची पंगतीत बसण्याची व्यवस्था होईल, असाही एक मसुदा अर्जदाराने मनात करून पाहिला. नोंदवू नये, तर ज्याने गावाला सत्तावीसदा शहाणपण शिकवले त्याने घरच्या चोराला पोटाशी धरले असे होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे ऐकण्याची अर्जदाराची तयारी नव्हती. अखेर तत्त्वाचा विजय झाला. अर्जदारास त्या वेळी तसेच वाटले.

६. दि. २६ जानेवारी रोजी झेंडावंदन करून आल्यावर अर्जदाराने पांढऱ्या कपड्यांतच घरी जाहीर केले की, घरातली वस्तू न सांगता नेली ती चोरी, मग नेणारा घरचा का असेना, आणि अशी चोरी दाबून ठेवणारा हा चोराहून मोठा चोर. अर्जदाराची पत्नी सौ. वच्छला भाकरी थापत होती. ती रडेल, भावासाठी पदर पसरेल, अशी अपेक्षा होती. ती म्हणाली, "हे कागदावर लिहून द्या."

अर्जदाराने लिहून दिले. ठळक अक्षरात लिहिले, खाली सही केली, तारीख टाकली. साक्षीदार म्हणून आचलची सही घेतली. तिने फार पटकन सही केली, हे अर्जदाराच्या लक्षात यायला हवे होते.

हात पदराला पुसून वच्छलाने तो कागद गव्हाच्या कोठीत ठेवला आणि मग सांगितले की मोटर तिनेच दिली. भावाचा हरभरा वाळत होता, त्याने अर्जदाराला तीनदा मागितली, अर्जदाराने तीनदा नाही म्हटले, मग ताण आहे तोवर वापर म्हणून तिने देऊन टाकली. टाकीही तिनेच पालथी घातली.

७. आता पत्नीवर गुन्हा नोंदवता येतो किंवा कसे, हे विचारण्यास अर्जदार ठाण्यात आला असता जमादार किसनराव यांनी मूळ बिलावरचे नाव पाहण्यास सांगितले. बिल वच्छलाच्या नावे आहे. महिला शेतकऱ्यास अनुदान जास्त मिळते म्हणून अर्जदारानेच ते तिच्या नावे केले होते व त्या हुशारीबद्दल गावभर स्वतःची पाठ थोपटून घेतली होती. मालकाने स्वतःची वस्तू भावाला वापरायला दिली, यात चोरी कोठे आहे, असे जमादारांनी विचारले. ते हसले. ठाण्यात हसण्यास मनाई असावी असे अर्जदारास वाटते, परंतु हा त्याचा वेगळा विषय आहे.

८. येथे अर्ज संपवता आला असता. परंतु हा अर्ज आचल ठाण्यासमोरच्या टायपिंगच्या दुकानात बसून टाइप करीत असून पुढचे लिहिल्याशिवाय ती कागद काढून देत नाही.

ते बिल शोधण्यासाठी आचलने झेंडावंदनाच्या आदल्या दिवशी पत्र्याची पेटी उपसली. तीत बिलाच्या खाली वरूडच्या एका सराफाची सन २००९ ची चिठ्ठी निघाली. 'एकदाणी एक, सोन्याची, विकत घेतली,' असा मजकूर व खाली अर्जदाराची सही. ती तिने आधी आईला दाखवली. वच्छलाची एकदाणी, म्हणजे गळ्यातली सोन्याच्या मण्यांची माळ, तिच्या आईने दिलेली होती. त्या वर्षी विहिरीला खडक लागला, सुरुंगाला पैसे नव्हते, आणि एकदाणी घरातून नाहीशी झाली. ती कोणी नेली हे अर्जदारास ठाऊक होते, कारण ती त्यानेच नेली होती. विहीर घरासाठीच होती, सांगण्यास तोंड झाले नाही, उद्या सांगू म्हणता म्हणता पंधरा वर्षे गेली.

त्या वेळी घरात धुणीभांडी करणाऱ्या पंचफुलाबाई यांच्याकडे सगळ्यांची बोटे वळली. अर्जदाराने ती वळू दिली. घरच्या इज्जतीचा प्रश्न आहे, पोलीस नको, गरीब बाई आहे, तिला फक्त कामावरून काढतो, असे त्याने चावडीवर सांगितले. या मोठ्या मनाची गावात वाखाणणी झाली आणि पुढे तंटामुक्तीचे अध्यक्षपद चालून आले. पंचफुलाबाईंना मात्र आजही लग्नकार्यात भांड्यांच्या खोलीत जाऊ देत नाहीत. त्या अंगणात बसून जेवतात. अर्जदाराने हे अनेक पंगतींत पाहिले आहे व दरवेळी ताटाकडे पाहून जेवला आहे.

९. सबब विनंती की,
(अ) दि. १७ जानेवारीची तक्रार अर्जदारास परत मिळावी. तीत चोराला असा धडा शिकवावा की त्याच्या सात पिढ्या लक्षात ठेवतील, असे एक वाक्य आहे. ते तरी खोडावे, कारण त्यांतील पहिली पिढी हा अर्ज टाइप करीत आहे.
(ब) श्याम यांच्या नावापुढील 'संशयित' हा शब्द काढून तेथे 'शेजारी' असे लिहावे.
(क) चोरी किती वर्षांनी चोरी राहत नाही, याची माहिती मिळावी. ही केवळ सामान्य ज्ञानासाठी हवी आहे.

१०. मोटारपंप कुंदनने धुऊन-पुसून परत आणून दिला, सोबत हरभऱ्याचे ढाळेही आणले. त्याच्याविषयी आता काही म्हणणे नाही. वच्छला अर्जदाराशी भांडत नाही, स्वयंपाक वेळेवर होतो. आठ दिवसांत ती फक्त एकदा बोलली, तेही अर्जदाराने आता काय ठरवले आहे असे विचारले म्हणून. ती म्हणाली, "कुंदनचं ठरवाले तुमाले पाच दिस लागले. मी बी ठरवून रायली. पन एकटीनं नाही ठरवत, पंचफुलेले बोलावलं."

काल पंचफुलाबाई आल्या. पंधरा वर्षांनी त्या घराच्या आत आल्या. वच्छलाने त्यांना पाट दिला, दार लावून घेतले, आचलला आत घेतले आणि अर्जदारास बाहेर कोठ्याकडे बसण्यास सांगितले. अर्जदार टाकीवर बसला. आत काय बोलणे झाले ते त्याला ऐकू आले नाही. आज सकाळी ठाण्याकडे निघताना वच्छलाने एक पाकीट हातात दिले व तुम्ही जातच आहात तर हेही साहेबांना द्या, असे सांगितले. वाटेत वरूडच्या बसस्टँडवर अर्जदाराने ते दोनदा उजेडाकडे धरून पाहिले. कागद जाड आहे.

आपला नम्र, आणि पाकीट न फोडलेला,
खुशालराव बापूराव निंभोरकर
मौजा टेंभुर्डी
दि. ३ फेब्रुवारी २०२५

सोबत :
१. मोटारपंपाचे मूळ बिल, सौ. वच्छला यांच्या नावे.
२. सराफाची चिठ्ठी, सन २००९. (ही जोडू नये असे अर्जदाराचे मत होते.)
३. 'अशी चोरी दाबून ठेवणारा हा चोराहून मोठा चोर' हे अर्जदाराच्या अक्षरातील निवेदन, सही व साक्षीदारासह.
४. बंद पाकीट एक. वर सौ. वच्छला यांची सही व पंचफुलाबाई यांचा अंगठा. पत्ता ठाण्याचा आहे.