तिच्या मशीनवर चालत होतं

३ फेब्रुवारी

पुन्हा तेच! कॉम्प्युटर ‘इन्स्टॉल झालं’ म्हणतो आणि पुढच्याच ओळीत ते वापरायला, म्हणजे इम्पोर्ट करायला गेलं की ‘असं मॉड्यूल नाही’. त्याच तोंडाने. आमच्या सरांचाच चेला.

सर्व्हरवाल्याने सुट्टीत लिनक्स नवं केलं, सोबत ज्यात आमचे प्रोग्राम लिहिलेत ते पायथनही, तेव्हापासून कंप मोजायचा प्रोग्राम बंद. सरांचा गाजलेला शोधनिबंध त्यावरच उभा आहे — औषधाने हाताचा कंप कमी होतो म्हणे. आता परीक्षकांनी आलेख पुन्हा काढून मागितलाय. निघाला तर माझ्या फेलोशिपला मुदतवाढ आणि त्या पैशांत स्वतःची खोली. नाही तर दादाकडेच, बाहेरच्या दिवाणावर.

सर म्हणतात, तिच्या मशीनवर चालत होतं. ती म्हणजे माझ्याआधीची. अर्ध्यात सोडून गेली, मागे एका शब्दाची माहिती ठेवली नाही. मी निस्तरतेय!

५ फेब्रुवारी

काढलं, बसवलं. काढलं, बसवलं. नाहीच.

६ फेब्रुवारी

सर्व्हरवाला म्हणाला, तुमच्या लॅबमध्ये प्रत्येकाची वेगळी चूल. खोटं नाही. मुख्य मशीनवर काही बसवायचं तर याची परवानगी, आणि हा कधी जागेवर नसतो. म्हणून सगळे गुपचूप आपापल्या फोल्डरमध्ये बसवून घेतात. मीसुद्धा.

वहिनीने विचारलं, एवढं शिकून दिवसभर ‘सापडत नाही’ एवढंच वाचतेस का? दादा हसला. मला तोंड वर करून बोलायची सोय नाही, दिवाण त्यांचा आहे.

९ फेब्रुवारी

सापडलं! लॅबच्या खात्यात लॉगिन झाल्या झाल्या जी फाइल चालते तिच्यात एक ओळ: कुठलंही पॅकेज हवं असलं की आधी त्या सोडून गेलेलीच्या फोल्डरमध्ये बघ. म्हणजे मी नवं कितीही बसवलं तरी मशीन आधी बाईसाहेबांच्या दारात जाणार. तिथे कंपाच्या प्रोग्रामची जुनी प्रत, तिचं नव्या पायथनशी जमत नाही. आठवडाभर भलत्याच घरात सामान भरत होते मी! तिला मनसोक्त शिव्या दिल्या. ओळ काढली.

इम्पोर्ट झालं. एरर नाही, काही नाही. बाथरूममध्ये जाऊन रडले, आनंदाने.

१० फेब्रुवारी

आलेख सपाट. औषध घेतलेल्यांचे हात आणि न घेतलेल्यांचे हात — सारखेच थरथरतात. माझंच चुकलं असणार म्हणून पुन्हा चालवलं. सपाट.

मग तिची जुनी प्रत उघडून नव्याशी ताडून पाहिली. सगळं तेच, एक अट जास्तीची. औषध घेऊनही ज्यांचा कंप वाढला, ती माणसं मोजणीतून गाळायची.

११ फेब्रुवारी

सरांना दाखवलं. त्यांना नवल वाटलं नाही, याचंच मला जास्त लागलं. म्हणाले, जुनं पायथन बाजूला वेगळं बसव, तिची प्रत परत लाव. “छापलाय तसाच आलेख आला पाहिजे. तुझं मुदतवाढीचं पत्र माझ्या टेबलावरच आहे, सहीचं बाकी आहे.”

संध्याकाळी बसस्टॉपवरून तिला फोन केला. भांडायलाच. तिने सगळं ऐकून घेतलं.

“त्यांनी सांगितलं म्हणून घातली ती अट. तेव्हा मलाही मुदतवाढ हवी होती.”

मिळाली का, विचारलं. मिळाली म्हणाली, पण पुढे तिथे बसवेना.

“तू काय करणार आहेस?”

बस आली, ठेवते, म्हटलं. बस आली नव्हती.

१२ फेब्रुवारी

काही केलं नाही. सर दोनदा दारातून डोकावून गेले.

१४ फेब्रुवारी

आलेख आला, छापल्यासारखा. वहिनीने विचारलं, खोल्या बघायला कधी निघायचं? रविवारी, म्हटलं.