चार आणे हिस्सा

वरवट बकाल
शुक्रवार, ३० जानेवारी २०२६

चि. अनुपमास,
बाबाचा सप्रेम जय भीम.

इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. थंडी अजून हटलेली नाही. हरभरा घाट्यावर आलाय आणि अळीही आली आहे. तू पाठवलेल्या तेलाने आईच्या गुडघ्याला काडीचा फरक नाही, पण पोरीने पाठवलंय म्हणून ती रोज नेमाने चोळते आणि घरभर वास करून ठेवते. तुझ्या खोलीतला पंखा दुरुस्त करून आणला.

मंगळवारपासून तुझे अकरा फोन आले. मी एकही घेतला नाही. आईला म्हणालो, सांग तिला, बाबा झोपलेत. आई म्हणाली, "तीन दिवस झाले झोपूनच राह्यले, असं सांगू काय पोरीले? मंग ते डॉक्टर घेऊनच येईन पुण्याहून." शेवटी तिने काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

तुझा व्हिडिओ पाहिला. मुक्या जनावरांसाठी तुम्ही मित्रमैत्रिणी जे पान चालवता, त्यावरचा. पडलेला बैल, गाडीवर उभा, जोडी हाकणारा गणेश, त्याचा वर गेलेला हात, आणि त्यावर तुझा आवाज. "या माणसाचा चेहरा नीट पाहून ठेवा." तुझा आवाज किती ठाम झालाय. काल आईने पाहिलं तेव्हा नऊ लाख लोकांनी तो पाहिला होता.

तू मेसेजमध्ये विचारलंस, "बाबा, तुम्ही तिथे डॉक्टर म्हणून हजर होतात. तुम्ही काहीच कसं केलं नाही?"

त्याचंच उत्तर द्यायला बसलोय. फोनवर देता आलं नसतं. तू मध्ये काही बोलली असतीस आणि मी तेवढ्यावर सुटलो असतो.

आधी पटाचं सांगतो. तू चार-पाच वर्षांची असताना तुला खांद्यावर बसवून शंकरपट, बैलजोड्यांची शर्यत, दाखवला होता, आठवतं का माहीत नाही. बैल सुटले तशी तू माझे केस दोन्ही हातांनी धरले होतेस. मला ते वेड तेव्हापासून किंवा त्याच्याही आधीपासून आहे. पुढे बंदी आली, मग उठली, नियम आले. आता डॉक्टरच्या दाखल्याशिवाय जोडी पटावर जात नाही. टोचायला बंदी, मारायला बंदी. शेवटच्या रेषेवरचा दोरा तुटला की घड्याळ आपोआप थांबतं आणि सेकंदाचे शंभर तुकडे करून आकडा दाखवतं. नोकरीतून निवृत्त झालो तेव्हा वाटलं होतं, आता आपली किंमत संपली. पण दाखल्यावर सही करणारा माणूस लागतो, आणि पंचक्रोशीत तो मी होतो.

यंदा प्रजासत्ताक दिन सोमवारी आला. शनिवार-रविवार धरून तीन दिवसांचा पट पलीकडच्या गावाने घेतला. जालन्याकडून, अकोल्याकडून जोड्या आल्या होत्या. मी तुला सांगितलं होतं की देखरेखीला जातोय.

ते खरं नव्हतं. त्या पटात माझा स्वतःचा बैल होता.

म्हणजे चौथा हिस्सा. दिवाळीत पंजाबराव घरी आले. एवढ्या मोठ्या शेतीचा माणूस आपल्या ओसरीवर बसून चहा प्यायला. त्यांनी नवा बैल आणला होता, पाखऱ्या. पांढरा, शिंगं मागे वळलेली, चालताना जमिनीवर उपकार करतोय असा पाय टाकायचा. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, याच्यात चार आणे तुमचे. पैशाचं नाव काढू नका. तुमचा हात राहू द्या त्याच्या पाठीवर." हात कशाला हवा होता हे मला कळायला हवं होतं. किंबहुना कळलं होतं. एरवी दमडी न घेता कोणी कोणाला जनावरात भागीदार करत नाही. पण शनिवारी सकाळी लाऊडस्पीकरवर पुकारा झाला, "पंजाबराव आणि डॉक्टर धम्मरत्नसाहेब यांची जोडी!" आणि मी मांडवाच्या पहिल्या रांगेत बसलो होतो. ज्या गावात तुझ्या आजोबांना, आबांना, चावडीच्या पायरीखाली उभं राहावं लागे, तिथून मैलभर अंतरावर. मला ते गोड वाटलं, अनु. 

आणखी एक गोष्ट आहे, तीही लिहून टाकतो. पैसे लावायला मनाई आहे, पण उसाच्या रसाच्या गाडीमागे ते लागतातच. मी दोन दिवस लावले आणि दोन दिवस जिंकलो. न जिंकून सांगतो कुणाला? सुटण्याआधी प्रत्येक जोडीचे पाय मी तपासायचो. कुणाचा खूर तापलाय, कुणाचा सांधा धरलाय, हे माझ्या बोटांना कळायचं. दाखल्यावर लिहायचो 'तंदुरुस्त', आणि रसाच्या गाडीमागे जाऊन त्याच्या विरुद्ध लावायचो. पस्तीस वर्षं ज्या हाताने गाईच्या पोटात अडकलेली वासरं फिरवली, तोच हा हात.

रविवारी संध्याकाळी पाखऱ्याच्या पुढच्या उजव्या पायाला, खुराच्या वर, सूज दिसली. सोमवारी सकाळी झेंडावंदनानंतर मी पाहिलं तर पाय टेकवेना. हात लावला की कातडी थरथरायची. हाडाला बारीक चीर असावी, असं मला तेव्हाच वाटलं. वाटलं म्हणजे काय, मी डॉक्टर आहे, मला ते समजलं.

पंजाबराव म्हणाले, "फायनल आहे साहेब. आमदार बसले मांडवात. दहा-बारा सेकंदाचा खेळ, मंग महिनाभर आराम देऊ त्याले."

मी म्हणालो, "पाय जाईल त्याचा."

"तुमचाबी हाय न तो? चार आणे?" ते हसून म्हणाले. "पाहा मंग. मी काय डॉक्टर हाओ?"

मी ट्रकच्या मागे गेलो आणि पाखऱ्याचा पाय बधिर करणारं इंजेक्शन दिलं. त्या दिवसाच्या दाखल्यावर सही केली. मग रसाच्या गाडीमागे जाऊन आमच्या जोडीवर पैसेही लावले.

तू जे विचारलंस, 'काहीच कसं केलं नाही', त्याचं उत्तर हे आहे. जे केलं ते मीच केलं.

गणेश आमचा धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारा. तू त्याचा जो चेहरा लोकांना दाखवलास, तो तीस वर्षांचा आहे आणि त्याला बैलांपलीकडे काही येत नाही. जू ठेवलं तेव्हा त्याने मला हाक मारली. "डॉक्टरसाहेब, जरा इकडे या न. हा पाय आपटून राह्यला. कुठं टाकून राह्यलो ते यालेच समजून नाई राह्यलं."

मी वाकून पाहिल्यासारखं केलं आणि म्हणालो, "थंडीने आखडलाय. पळाला की मोकळा होईल."

"तुमी म्हणता त सोडतो," तो म्हणाला. "नाई त माह्या मनात नाई."

जोडी सुटली. ज्या पायाला दुखत नाही तो पाय बैल राखत नाही. दोरा चाळीस-पन्नास हातांवर राहिला असेल, तेव्हा कट्‌ असा आवाज आला. तो मला मांडवात ऐकू आला, एवढ्या गोंगाटात. तुझ्या व्हिडिओत गणेशचा हात वर दिसतो. त्या हातात टोचणी नाही, कासऱ्याचं टोक आहे. तो जोडी आवरत होता, मागे रेलून, सगळा जोर लावून. तुमच्याकडे मोठ्या पडद्यावर ते थांबवून पाहता येत असेल तर पाहा. बैल पडायच्या आधी त्याने आवरायला घेतलं होतं. त्याला आधी कळलं. जे मला सकाळीच माहीत होतं, ते त्याला दोन सेकंद आधी कळलं.

पुढचं तुझ्या व्हिडिओत नाही. बैल जमिनीवर, पाय कातडीला लोंबतोय, आणि लोक मोबाइल वर धरून गोल उभे. त्यातला एकजण मला विचारतो, "डॉक्टरसाहेब, दोरा त तुटलाच नाई. मंग डाव रद्दच न? पैसे वापस भेटतीन न?" आणि मी पाखऱ्याच्या मानेवर गुडघा टेकलेला असताना त्याला उत्तर दिलं. "रद्द," म्हणालो. माझेही त्यात होते ना.

त्याला मीच कायमचं झोपवलं. ते तेवढं एक काम नीट झालं.

मग पंजाबरावांनी रुमालाने हात पुसले आणि चार लोकांत म्हणाले, "आता हा अख्खा तुमचाच, डॉक्टरसाहेब. तुमीच पाहा याचं काय करायचं ते. तुमच्या लोकाइले जमते ते." मागे दोघं-तिघं हसले. ते कशाचं हसू होतं ते तुला सांगायला नको. बैल पळत होता तोवर माझे चार आणे. पडला तसे सोळा आणे.

तुझ्या आजोबांनी मेलेलं जनावर ओढायला नाही म्हटलं म्हणून गावाने त्यांना दोन वर्षं कामावर बोलावलं नाही. उपास काढले, पण दोराला हात लावला नाही. ही गोष्ट मी तुला किती वेळा सांगितली असेल. पंजाबराव तसं बोलले तेव्हा मी उठून निघून जायला हवं होतं, किंवा निदान संतापायला हवं होतं. मला संताप आला नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. कारण दुसऱ्या कुणी डॉक्टरने तो पाय उघडून पाहायच्या आत तो मातीखाली जायला हवा होता, आणि ते काम पंजाबराव मलाच देत होते. मी स्वतः जेसीबी बोलावला. खड्डा किती खोल हवा ते उभं राहून सांगितलं. आबांनी अपमान म्हणून जे नाकारलं, ते मी सोय म्हणून घाईघाईने केलं.

परत आलो तर ठाण्याचे जमादार आले होते. पंजाबरावांनी सांगून टाकलं होतं की गणेशने टोचलं, बैल बिथरला आणि पडला. जमादारांनी मला विचारलं, "तुमी पाह्यलं काय?" मी म्हणालो, "मी लांब होतो."

मंगळवारी तुझा व्हिडिओ आला. बुधवारी गणेशवर गुन्हा नोंदला. पटवाल्यांनी त्याला पटातून कायमचं बाद केलं. जालन्याच्या ज्या माणसाकडे तो फेब्रुवारीत जोडी हाकणार होता, त्याने येऊ नको म्हणून कळवलं. बाजारात कुणीतरी त्याच्यावर थुंकलं.

काल दुपारी त्याची बायको छकुली आपल्याकडे आली. मला वाटलं, शिव्या द्यायला आली असेल. मी तयार होतो. तर ती ओसरीच्या कडेला बसली आणि मोबाइल पुढे करून म्हणाली, "हे आवाज देणारी ताई तुमची पोरगी हाय म्हणते. खरं हाय काय?"

"हो," मी म्हणालो.

"तिले जरा सांगा न साहेब. ह्याइनं टोचलं नाई. बैलाले कधी शिवी नाई देत हो ते, मले देतात." आणि ती हसली, खरंच हसली. "तुमी तिथं होते. तुमचं ऐकन ते. आमच्याकडून माफी सांगा तिले, काई चुकलं असन त."

तुझ्या आईने चहा दिला. मी म्हणालो, "सांगतो." एवढंच. ती हात जोडून गेली. मी तिला फाटकापर्यंत पोहोचवलं नाही. माफी ती मागत होती, अनु. माझ्याकडे. माझ्या गुन्ह्यासाठी तू तिच्या नवऱ्याला शिक्षा देत होतीस आणि ती मलाच म्हणत होती, मध्ये पडा.

रात्री मी आईला सगळं सांगितलं. तिने तेलाची बाटली बाजूला ठेवली. मग म्हणाली, "पोरीले लिहा. बोलू नका, लिहा. बोलण्यात तुमी हुशार हा." म्हणून हे पत्र.

तू मला माफ करावंस म्हणून लिहीत नाही. तुला राग येईल, किळस येईल; येऊ दे. मला माझी येते. आंघोळीला बसलो की हाताकडे पाहवत नाही. पण तू बरोबर आहेस असं नऊ लाख लोकांना वाटतंय, आणि तू बरोबर नाहीस. तुझ्या हाताने एका निर्दोष माणसाचं वाटोळं होतंय आणि ते मी तुला करू देतोय. या पाच दिवसांतलं हे सगळ्यात वाईट आहे. इंजेक्शनपेक्षाही.

तो व्हिडिओ काढ. त्या जागी या पत्राच्या पानांचे फोटो टाक. सगळी पानं टाक, काही झाकू नकोस, नावही नाही. मुद्दाम सुवाच्य लिहिलंय. बापाचं आहे म्हणून हात आखडला तर आपल्या आबांना आठव. आणि गणेशची माफी तू स्वतः माग, फोनवर नाही, घरी येऊन. छकुली चहा करेल, तो पी.

मी ठाण्यात जाणार आहे. खड्डा कुठे आहे ते दाखवीन. उकरला तर पाय अजून सांगेल. दाखल्याची प्रत, औषधाची रिकामी बाटली पिशवीत घेतली आहे. गणेशला सोबत ये म्हणालो तर तो म्हणाला, "कशाले साहेब, तुमची नोकरीची पेन्शन जाईन." त्याला अजून माझी काळजी आहे. मी एकटाच जाईन.

आधी पोस्टात जाईन आणि मग ठाण्यात. उलट केलं तर ठाण्याच्या फाटकावरून परत फिरेन, हे मला माहीत आहे. मी स्वतःला साठ वर्षं ओळखतो. हे पत्र पेटीत पडलं की ते तुझं झालं. मग मला परतायला जागा उरत नाही.

आईला फोन कर. मला करू नकोस, निदान व्हिडिओ उतरेपर्यंत.

ज्याचा चेहरा लोकांनी नीट पाहून ठेवायला हवा, तो
तुझा बाबा,
धम्मरत्न